वरच्यांचा दगड

त्या पावसाळ्यात ओढ्यानं फरशी नेली आणि वरच्या गावाचा गळाच आवळला गेला.

फरशी म्हणजे तरी काय होती! ओढा ओलांडायला सिमेंटचे नळ आडवे टाकून वर मुरूम लोटलेला आणि कंत्राटदारानं घाईघाईत त्यावर गिलावा फासलेला. नळांत काटक्या-पाचोळा अडकला, पाणी तुंबलं, आणि भरदुपारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती खरवडून काढल्यासारखी निघून गेली. पुढं पाऊस उघडला, ओढा गुडघ्याखाली उतरला, तरी दगड न्यायला येणारा ट्रक काही अलीकडे येईना. ड्रायव्हर पलीकडच्या काठावर गाडी उभी करायचा, लांबलचक हॉर्न मारायचा आणि चाकाला टेकून डुलकी काढायचा. त्या हॉर्नपायी त्याचं नावच भोंगा पडलं होतं.

भोंगा वाजला की पाथरवटांच्या घरात धावपळ उडायची. घरात म्हातारा, धाकटा मुलगा, दोन सुना आणि थोरल्या सुनेची शाळकरी मुलगी. थोरला मुलगा खाली शहरालगतच्या दगडाच्या कारखान्यात घडाईला होता. सुट्टी मिळेल तसा घरी यायचा. म्हाताऱ्याच्या छातीत आयुष्यभराची दगडाची भुकटी साठलेली, दोन वाक्यं बोलला की तिसऱ्याला खोकला. त्यामुळं खाणीचा सगळा भार थोरल्या सुनेच्या अंगावर आला होता. तिला सासरे सोडून सगळं गाव 'थोरली'च म्हणायचं. उंच, हाडापेरानं रुंद, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये तोंड घालायला फट न ठेवणारी.

खाणीतला दगड बैलगाडीनं ओढ्यापर्यंत यायचा. तिथून लाकडी घसरणीवर घालून, दोर खांद्यावर घेऊन, पाण्यातून पलीकडे ओढायचा. पायाखाली शेवाळ. पुढं धाकटा, मागं दोघी जावा पहारीनं रेटताहेत. एखादी कपार आडवी आली की घसरण दचकून थांबायची आणि दोर खांद्यात कचकन रुतायचा. थोरलीच्या उजव्या खांद्याला त्या दोराचा काळा-जांभळा पट्टा पडला होता. पलीकडच्या काठाला उतार नव्हता, नुसती उभी दरड. तिथं पहारी लावून एकेक दगड वर उलथायचा. एका गाडीचा माल भरेस्तोवर सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे.

या खेपेला मात्र दगडाबरोबर पायऱ्या होत्या. घडवलेल्या, साफ केलेल्या, गुण्या लावून काटकोन तपासलेल्या पायऱ्या.

कल्पना थोरलीची. खाली ओबडधोबड दगड विकला तर हमालीएवढं सुटायचं. तोच दगड कारखान्यात चार ठिकाणी तासला की त्याला भाव यायचा. "मामंजी, तुमच्या हाताला काय झालंय?" ती म्हणाली होती. "तुम्ही बसल्या बसल्या घडवा. भाऊजी साफ करतील."

म्हातारा हसला होता. "अगं पोरी, आपला धंदा डोंगर फोडायचा. नाक-डोळे खाली काढतात."

"कोण काढतं? तुमचाच मुलगा काढतो ना? मग इथं बसून काढायला त्याला काय डोंगर चावतो?"

म्हातारा त्याच दिवशी कामाला लागला. छिन्नी आणि सुतकी, म्हणजे घडाईचा हातोडा, घेऊन बसला. खोकायचा, थांबायचा, पुन्हा बसायचा. सरत्या पावसाच्या त्या दिवसांत त्यानं एकेक पायरी अशी उतरवली, की धाकटी सून म्हणाली, "यावर पाय ठेवायचा जीव होणार नाही."

त्या पायऱ्या ओढ्यातून नेताना थोरलीनं होती नव्हती तेवढी काळजी घेतली. खाली गोणपाट टाकलं, मध्ये गवत खुपसलं, तरी दरडीवर चढवताना दोन-तीनदा दगडावर दगड आपटल्याचा आवाज आलाच. ती मुद्दाम वाकून पाहायला गेली नाही. आपण होऊन अवसान कशाला घालवायचं!

मालाबरोबर ती स्वतः खाली गेली.

कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड, त्यात करवती पाण्याखाली किंचाळताहेत, बाजूला खडीचं यंत्र. माणसं भुकटीनं पांढरीफेक. त्यांतला कुठला आपला नवरा हे तिला चालण्यावरून ओळखावं लागलं. मुकादम पुढं आला. त्यानं पायरीच्या कडेच्या कोरेवरून अंगठा फिरवला. एकदा थांबला. पुढं पुन्हा थांबला.

"हे काय आणलंयत?"

"पायऱ्या आहेत. घडवून आणल्यात."

"ते दिसतंय. कोर कुठंय? उंदरानं कुरतडल्यासारखी झालीय." तो शेडकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "बघा रे, वरचे आता घडाई करायला लागले!" दोघं-तिघं हसले. हसणाऱ्यांतलेही दोघे वरचेच होते. "बाई, तुम्ही दगड द्या. बाकीचं आम्ही बघतो."

"ओढ्यात आपटल्या हो. चांगल्या निवडून तरी घ्या. सगळ्या काही गेल्या नाहीत."

"निवडत बसायला मला वेळ नाही. खडीच्या भावात घेतो. नाहीतर उचला इथून, जागा अडते."

उचलून न्यायच्या कशात? भोंगा दुसऱ्या मालासाठी वजनकाट्यावर गेला होता. थोरली तशीच उभी राहिली, आणि तिच्यासमोर दोन गड्यांनी पायऱ्या उचलून खडीच्या यंत्रात टाकल्या. पहिली पायरी जबड्यात आडवी अडकली. गड्यानं पहारीनं ढोसली. मग ती कडकड करत आत गेली आणि खालून मुठीएवढे तुकडे होऊन पट्ट्यावरून निघाली. पाठोपाठ दुसरी. थोरला शेडमधून हे बघत होता. त्यानं करवत बंद केली, तसा मुकादम ओरडला, "कुणी सांगितलं बंद करायला?" आणि करवत पुन्हा सुरू झाली.

जेवणाच्या सुट्टीत दोघं फाटकाबाहेर नळापाशी बसली. त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, तेव्हा कुठं तो नवऱ्यासारखा दिसायला लागला. डबा दोघांत मधे ठेवला. तिनं झाकण काढलं नाही.

"मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"बोलला असतात तर पायऱ्या वाचल्या असत्या? नोकरी तेवढी गेली असती. जेवा."

मग तो बरेच दिवस मनात घोळत असलेलं बोलला. "मी काय म्हणतो, तुम्ही सगळे खालीच या. मुकादम खोली बघून देतो म्हणाला. नळाला पाणी आहे. पोरीला शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळा मास्तर आहे. आबांना दवाखाना जवळ."

"आणि खाण?"

"खाण कुठं पळून जाणार आहे? कारखान्याचा शेठ माणसं लावून काढेल दगड."

"म्हणजे डोंगर आपला, हात आपले, आणि आपण इथं खोलीचं भाडं भरत बसायचं."

"तू रागानं बोलतेस. मी रोज बघतो ना. रस्ता इथं, वीज इथं, म्हणून कारखाना इथं. कारखाना इथं म्हणून गिऱ्हाईक इथं. गिऱ्हाईक येतं म्हणून बँक आली, दवाखाना आला, शाळा आली. सगळं इथं आहे म्हणून आणखी इथंच येतं. वर काय आहे? दगड. तोही इथंच येतो."

थोरलीनं डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला. त्याचं बोलणं तिला खोटं म्हणता येईना, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

परतताना तिनं भोंग्याला रस्त्याच्या सरकारी कचेरीसमोर गाडी थांबवायला लावली. साहेब माणूस भला होता. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, भिंतीवरचा नकाशा दाखवला. खालच्या बाजूला रस्त्यांचं जाळं विणल्यासारखं दिसत होतं. वरच्या बाजूला एकच रेघ, तीही तुटक.

"फरशीचा प्रस्ताव मी पाठवला होता," साहेब म्हणाला. "परत आला. रस्त्यावर गाड्या किती धावतात त्यावर पैसा मिळतो. तुमच्याकडे गाड्याच नाहीत."

"साहेब, फरशी नाही म्हणून गाड्या नाहीत."

"मला कळतं हो बाई. मी पुन्हा पाठवतो. पण येत्या वर्षात होईल असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही."

"मग आम्हीच बसवली तर? तुम्ही येऊन तोडणार तर नाही?"

साहेबानं चष्मा काढला आणि पुसला. "दगडाची करत असाल तर पाणी अडवू नका, वरून जाऊ द्या," तो म्हणाला. "आणि मला काही विचारलंत असं कुणाला सांगू नका."

घरी आल्यावर तिनं पायऱ्यांचं काय झालं ते म्हाताऱ्याला सरळ सांगितलं. त्याला गोंजारत बसणं तिला जमलं नसतं. म्हातारा बराच वेळ अंगणातल्या दगडाच्या कपच्या पायानं इकडून तिकडं सारत राहिला. एवढा वेळ तो खोकलासुद्धा नाही.

"मामंजी, ओढ्यावर दगडाची फरशी बसेल का? आपल्या दगडाची?"

"न बसायला काय झालं! तळाशी कातळ लागेपर्यंत खणायला लागेल. खालच्या अंगाला मोठे दगड उभे रोवायचे, पाण्याकडे पाठ करून किंचित झुकते. मधे खोलगट ठेवायची, म्हणजे पाणी कडेनं माती खात नाही." बोलता बोलता तो उठून उभा राहिला होता. "पण पलीकडच्या काठाला उतार काढावा लागेल. आणि तिथं आहे गिरणीवाली."

घोडं अडलं ते तिथंच. पलीकडचा काठ गिरणीवालीच्या भाजीच्या वाफ्यांचा. बाई एकटी, पिठाची गिरणी चालवणारी, केसांवर कायम पांढरी भुरभुर आणि जिभेला धार. थोरली दळणाचं निमित्त करून गेली, पण गिरणीवालीला निमित्त कळायला वेळ लागला नाही.

"एवढंसं दळण घेऊन तू इतक्या लांब? बोल, काय पाहिजे?"

"मावशी, तुमच्या वाफ्याचा कोपरा पाहिजे. फरशीला उतार काढायचाय."

"वा! मागच्या वेळी रस्ता झाला तेव्हा माझं अर्धं शेत रस्त्यात गेलं. रस्ता कुणाचा? ट्रकवाल्याचा. आणि धूळ? धूळ माझी. पिठात कचकच लागली की शिव्याही माझ्या. आता कोपरा घे, मग म्हणशील मावशी, तुम्ही गिरणीच्या पत्र्यावर राहायला जा."

"कोपरा दिला नाहीत तरी तो राहतोय कुठं? दर पावसाळ्यात ओढा तुमचा काठ खातोय. या वर्षी दुधीचा मांडव गेला ना?"

"गेला तर गेला. ओढ्याला निदान मी हो तरी म्हटलं नव्हतं."

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "तुमच्या काठाला मी दगडाची भिंत बांधून देते. वाफ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओढ्याचा बाप आला तरी मूठभर माती जाणार नाही."

गिरणीवालीनं पट्टा बंद केला. गिरणीची घरघर थांबली तसं दोघींना आपापला आवाज फार मोठा वाटला.

"केवढ्या उंचीची?"

"तुमच्या कमरेएवढी."

"माझ्या नको, तुझ्या कमरेएवढी. तू उंच आहेस," गिरणीवाली म्हणाली. "आणि भिंत आधी. कोपरा नंतर."

भिंत आधी झाली. थोरलीच्या कमरेएवढी. मग ओढ्यात उतरले.

आधी वरच्या अंगाला मातीनं भरलेली पोती रचून पाणी एका बाजूला वळवलं. मग निम्मा तळ खणायला घेतला. वाळू, गोटे, खाली निळा चिखल; फावडं मारलं की चिखल ते सोडायलाच तयार नाही. पाण्यात भिजून थोरलीच्या बोटांची सालं निघाली, टाचा चिरल्या. उभे रोवायचे दगड म्हणजे एकेक म्हशीच्या धडाएवढा. त्यांना दोर लावून, ओंडक्यांवरून घरंगळवत आणायचं, खड्ड्याच्या तोंडाशी उभं करायचं आणि म्हाताऱ्यानं हात खाली केला की सोडायचं. म्हातारा काठावर खाट टाकून बसलेला. त्याला ओरडता येत नव्हतं, म्हणून हातानं सांगायचा. उजवीकडे. थोडं. थांब. हाणा!

पहिले काही दिवस गाव काठावर उभं राहून मजा बघत होतं. "सरकारला उशीर झाला म्हणून पाथरवटीण सरकार झाली," असं दूधवाला म्हणाला. थोरलीनं डोक्यावरची पाटी रिकामी करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं दूध रोज खालच्या बाजारात पोचेपर्यंत नासतं, ते वाटेत ओढा फेरा मारायला लावतो म्हणूनच ना? मग तिथं उभं राहून ते गोड होणार आहे का?"

दूधवाला दुसऱ्या दिवशी भाऊ आणि बैलजोडी घेऊन आला. मग शाळेचा मास्तर आला. त्याला पहार धरता येत नव्हती, पण त्याची मोटारसायकल ओढ्यात दोनदा बंद पडली होती. त्यानं पोती भरली. सगळं गाव काही आलं नाही. ज्यांची मुलं खाली कायमची राहायला गेली होती त्या घरांची दारं तशीच लोटलेली राहिली. त्यांच्याविषयी थोरली कधी वाकडं बोलली नाही.

एका सकाळी उभा दगड खाली बसता बसता फिरला आणि धाकट्याच्या हाताचा अंगठा मधे सापडला. नख जागच्या जागी काळं झालं, रक्ताची चिळकांडी उडाली. धाकटी किंचाळली. धाकट्यानं ओठ दाबून धरले होते. दगड नीट बसलाय का तेच तो पाहत होता.

"बसला का हो आबा?"

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"मग बरं झालं. नाहीतर पुन्हा काढावा लागला असता," असं म्हणून त्यानं अंगठ्याला फडकं गुंडाळलं.

सुट्टीच्या दिवशी थोरला आला. काठावर उभा राहून त्यानं सगळं पाहिलं. मग सदरा काढून झाडाला टांगला आणि पाण्यात उतरला. वरचे दगड त्यानं घडवले. एकाला एक असे भिडवले, की मधे पात्याचं टोक शिरेना. संध्याकाळी हातपाय शेकताना तो म्हणाला, "उद्या जात नाही. हे पुरं करूनच जाईन."

"जा तुम्ही," थोरली म्हणाली.

"का?"

"घरात दरमहा ठरून येणारा पैसा तेवढाच आहे. हे वाहून गेलं तर आपल्याला पुन्हा बसवावं लागेल, आणि तोवर सगळ्यांना जेवावंही लागेल."

"वाहून जाईल असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण ओढ्यानं आपल्याला विचारून काही केलंय का आजवर?"

तो गेला. पण नंतरच्या प्रत्येक सुट्टीला आला आणि त्याच्याबरोबर कारखान्यातले ते दोघे वरचेही यायला लागले. त्या दिवशी मुकादमाच्या विनोदाला हसलेले. थोरलीनं त्यांना ओळखलं आणि सगळ्यांत जड दगडाला लावलं.

फरशी पुरी झाली आणि तिच्यावरून अजून गाडीही गेली नव्हती, तोच डोंगरमाथ्यावर अवकाळी पाऊस कोसळला. दुपारीच ओढ्याचा रंग बदलला. आधी फेस आला, मग काटक्या, मग मुळासकट उपटलेलं एक झाड. सगळं गाव काठावर जमलं. पाणी फरशीवर चढलं, मधल्या खोलगट भागातून गडद तपकिरी पट्ट्यासारखं सरळ निघून खाली कोसळायला लागलं. झाड येऊन फरशीला धडकलं. झाड क्षणभर थबकलं, कलंडलं, आणि वरून घसरत पलीकडे गेलं. म्हातारा डोळे मिटून पाण्याचा आवाज ऐकत होता.

"खालचे दगड हललेले नाहीत," तो म्हणाला. "हलले असते तर आतून गुरगुरलं असतं."

पाणी उतरल्यावर पाहिलं, तर अलीकडच्या कोपऱ्यातला एक दगड तेवढा सरकला होता. धाकट्यानं फडकं बांधलेल्या अंगठ्यानंच तो पुन्हा बसवला. गिरणीवालीच्या वाफ्यातला एक कांदासुद्धा हलला नव्हता, आणि हे तिनं दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

मग भोंगा आला. पलीकडच्या उतारावर गाडी थांबवून खाली उतरला, फरशीवर पाय आपटून पाहिला, परत जाऊन बसला आणि हॉर्न न वाजवता गाडी सरळ खाणीपर्यंत आणली. म्हाताऱ्यानं दरम्यान घडवलेल्या नव्या पायऱ्या घरापाशीच भरल्या. आडव्या न रचता उभ्या, मधे भुशाची पोती. थोरली त्यांच्याबरोबर मागं बसून खाली गेली. मुकादमानं कोरेवरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा कुठंच थांबला नाही.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोट नव्हती. "पण घेता येणार नाहीत."

"आता काय झालं?"

"शेठचा हुकूम आहे. वरून दगडच घ्यायचा. तुम्ही घडवून द्यायला लागलात तर या करवतींचं आम्ही काय करायचं?"

थोरलीला वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी लागलं. निदान खरं कारण कुणीतरी तोंडावर सांगितलं होतं. ती गाडीत परत चढली.

"आता कुठं?" भोंग्यानं विचारलं. "घरी?"

"घरी कशाला? पायऱ्या काय घरात लावायच्यात? या शहरात दगड कुठं बसतो ते तुला माहीत असेलच की. तूच तर पोचवतोस."

भोंगा विचारात पडला. मग त्यानं गाडी फिरवली. "नव्या दवाखान्याचं काम चाललंय. तिथला गवंडी रोज कारखान्याच्या नावानं बोटं मोडतो. आज देतो, उद्या देतो करत त्याला लटकवून ठेवलंय."

गवंडी चौथऱ्यावर उभा होता, हातात ओळंबा. दवाखान्याला दारं लागली होती, रंग लागला होता, आणि दारापर्यंत चढायला विटांचे तात्पुरते ढीग लावले होते. त्यानं एक पायरी उतरवून घेतली, गुण्या लावला, उलटी करून पाठ पाहिली.

"पाठ कुणी साफ केली? ही बाजू तर मातीत जाणार."

"आमच्या सासऱ्यांनी. त्यांना अर्धवट ठेवता येत नाही."

"कारखान्याची पाठ अशी नसते," गवंडी म्हणाला. "अजून किती मिळतील?"

"तुम्ही सांगाल तेवढ्या. फक्त सांगितलेल्या दिवशी पैसे आणि दिलेला शब्द फिरवायचा नाही. ओढा आता मधे येत नाही."

तिनं बोलणी तिथंच उभ्या उभ्या पुरी केली. भाव कारखान्यापेक्षा कमी सांगितला नाही, गवंड्यानं थोडा ओढून पाहिला, तिनं थोडाच सोडला. भोंग्यानं पुढं सगळीकडे सांगितलं, की वहिनी भाव करत होती तेव्हा मी गाडीतून खाली उतरलो नाही, मला भीती वाटली की मलाच विकून टाकेल.

दवाखान्यानंतर एका शाळेचा चौथरा आला, मग एका घराचा जिना. महिन्याभरात थोरला आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळून घरी आला. शेठनं त्याला पगार वाढवून देऊ केला होता. "मी म्हटलं, आधी वाढवायला हवा होता," एवढंच तो म्हणाला आणि जेवायला बसला. पाठोपाठ कारखान्यातले ते दोघेही आले. घराशेजारी पत्र्याची सावली घातली. पण वीज अजून मिणमिणतीच होती, करवत चालण्याइतकी येत नव्हती, म्हणून सगळं हातावर चाललं होतं. रस्त्याच्या साहेबाकडे थोरलीच्या खेपा सुरूच राहिल्या. आता ती विजेच्या कचेरीतही जायला लागली होती, आणि तिथला साहेब काही तितका भला नव्हता. त्यामुळं तिला तिथं जास्त वेळ बसावं लागायचं.

थंडी ओसरत आली होती. सकाळी अंगणात छिन्न्यांचा आवाज लागला होता, आणि खालून भोंग्याची गाडी चढताना ऐकू आली. थोरलीनं कान टवकारले. गाडी नेहमीसारखी खडखडत येत नव्हती. पहिल्या गिअरमध्ये, कण्हत कण्हत चढत होती.

"बिघडलीय बहुतेक," धाकटा म्हणाला.

गाडी अंगणात येऊन थांबली. भोंगा घामाघूम होऊन खाली उतरला. "इतकी वर्षं या चढाला येतोय," तो म्हणाला, "येताना गाडी कायम रिकामी. आज पहिल्यांदा भरून आणली. ब्रेक-क्लच सगळे मला विचारताहेत, काय झालंय म्हणून."

मागचं फळकूट पाडलं. आत मोठमोठे दगड होते, काळसर, बारीक कणाचे. या डोंगराचे नव्हेतच. खालच्या भागातल्या कुठल्याशा खाणीतले. गवंड्याचा निरोप होता, की दाराशेजारच्या देवड्यांसाठी हाच दगड हवाय, दगड इकडं आहे पण हात तुमच्याकडे आहेत, तेव्हा घडवून पाठवा.

सगळे गाडीभोवती उभे राहिले. थोरला एका दगडावर हात फिरवत होता. गिरणीवाली पीठ झटकत धावत आली होती; तिला वाटलं अपघात झाला.

म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्यानं सुतकी मागून घेतली, कडेच्या दगडावर हलकेच ठोकली आणि कान जवळ नेला. मग दुसऱ्या बाजूनं ठोकली.

"कसा आहे, मामंजी?" थोरलीनं विचारलं.

"खालचा आहे," म्हातारा म्हणाला, "पण बोलतो चांगला. उतरवा. सांभाळून उतरवा, कोर जायला नको."